अश्वगंधाने स्ट्रेस जातो, म्हातारपण लांबतं, खरंय का?

मुग्धा_पुणे: आईला शेजारच्या काकूंनी अश्वगंधा चूर्ण रात्री दुधातून घ्यायला सांगितलंय. ती थायरॉइडची गोळी घेते. द्यावं का?

रानवाटा: स्ट्रेसवर थोडा पुरावा आहे. 2012 च्या भारतातल्या ट्रायलमध्ये 64 जणांपैकी ज्यांना मुळाचा अर्क 300 मिग्रॅ दोनदा 60 दिवस दिला त्यांचं कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) साधारण 28 टक्के उतरलं, पण तो ठरावीक ताकदीचा अर्क होता, चूर्ण नव्हे.

शाल्मली: म्हातारपणाचं म्हणाल तर आयुष्य वाढल्याचं दिसलं ते मिलिमीटरभर कृमींमध्ये, माणसांत नाही. आणि अश्वगंधाने थायरॉइड हार्मोन वाढू शकतं, लिव्हरला त्रास झाल्याच्याही केसेस आहेत, त्यामुळे ताई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका!

मुग्धा_पुणे: थँक्यू, आधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून डॉक्टरांकडे नेते.