रात्री चोरून खाणं थांबत नाही, आळ दुसरीवर येतोय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसती वाचते इथं, धागा पहिल्यांदाच काढतेय. आयडी मुद्दाम नवा घेतलाय. कुणी ओळखलंत तरी ओळख दाखवू नका.

वय ४१, जुळे सोलापूर. घरातच शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा छोटा धंदा आहे. सासूबाई, मी आणि मदतीला एक मावशी. ऑर्डरी पोचवायचं काम नवऱ्याकडे. दिवसभर त्या लसूण-तिखटाच्या वासातच असते, दुपारी ताट बघवत नाही. रात्री अकराला सगळे झोपले की मी पाकिटं मोजायला बसते, आणि तिथंच सुरू होतं. भाकरीचं एक पाकीट फोडते, मग दुसरं. चटणी नुसती मुठीनं. मग फ्रीजमधला गार भात, डब्यातला लाडू, हाताला लागेल ते, तेही उभ्यानं. चव लागत नाही. मध्येच थांबावं म्हटलं तर हात थांबत नाही, पोट दुखायला लागतं तेव्हाच थांबते. फोडलेली पाकिटं पर्समध्ये घालून सकाळी विजापूर रोडच्या कचराकुंडीत टाकते.

दिवाळीपासून आठवड्यातून तीनदा तरी होतंय. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत ऑर्डरी वाढल्या तेव्हा जवळजवळ रोजच. उलटी वगैरे काढत नाही, पण दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून जेवत नाही. सोमवार आणि एकादशी तर आहेतच. मध्यंतरी व्हिडिओ बघून सोळा तास उपाशी राहायचं सुरू केलं, त्या आठवड्यात सगळ्यात वाईट झालं. (कुणी विचारायच्या आधीच सांगते, पोरगी पुण्याला शिकायला गेल्यापासून वाढलंय. पण त्याआधीही होतंच.)

आता खरी गोष्ट. पाकिटं कमी भरतात हे सासूबाईंच्या लक्षात आलं. त्यांना मावशीचा संशय. मावशी नऊ वर्षं आमच्याकडं आहे. शनिवारी निघताना सासूबाईंनी तिची पिशवी उघडून बघितली. मी तिथंच उभी होते. तोंडातून शब्द फुटला नाही.

हा आजार असतो, का जिभेचे चोचले? सोलापुरात कुणाकडं जायचं? आणि घरी कसं सांगू?

पांढरा_टॉवेल: ताई, राग मानू नका, पण कपाटाला कुलूप लावा आणि किल्ली सासूबाईंकडं द्या. मनावर घेतलं तर होतंय.

हुरडा_सीझन: टॉवेलराव, कुलूप लावून बघितलंय मी. रात्री कच्चे पोहे खाल्ले होते.

ताई, जिभेचे चोचले असते तर चव लागली असती की हो. मी डॉक्टर नाही, पण यातून गेलेय. माझ्या डॉक्टरांनी याला 'बिंज ईटिंग डिसऑर्डर' म्हटलं होतं. थोड्या वेळात खूप खाणं, आवरता न येणं, भूक नसताना भराभर खाणं, लाजेनं एकटीनं खाणं, नंतर स्वतःचीच किळस. असं सरासरी आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने चाललं तर डॉक्टर या निदानाचा विचार करतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या 'डीएसएम-५' सूचीत २०१३ पासून हा स्वतंत्र आजार म्हणून आहे. तुम्हाला तोच आहे का, ते तपासणारा सांगेल. मन दुखलं म्हणून एखाद दिवशी भजी जास्त खाणं वेगळं, ते सगळेच करतात.

कोरडवाहू: मला त्या 'शिक्षा म्हणून जेवत नाही'बद्दल बोलायचंय. सगळी मेख तिथं आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने जवळपास अर्ध्या खाण्यावर ठेवलं होतं. पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावर त्यातले काही जण पोट फुटेस्तोवर खायचे, तरी समाधान नाही. ती काही चोचलेवाली माणसं नव्हती, उपाशी शरीर असंच वागतं. तुम्ही दुपारी जेवत नाही, मग रात्री अकराला त्याची वसुली होते.

यावरच्या मानसोपचारात (सीबीटी म्हणतात) सुरुवातच वेळेवर खाण्यापासून होते. तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडंसं, आणि जागेपणी तीन-चार तासांहून जास्त वेळ पोट रिकामं ठेवायचं नाही. रात्री कितीही खाल्लं असलं तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. मला हेच सगळ्यात जड गेलं. सोबत वहीत लिहायचं: किती वाजता, काय, मनात काय चाललं होतं. वजन कमी करायचं नाव सध्या काढू नका. उपास सुटत नसेल तर त्या दिवशीही ठरल्या वेळी काहीतरी खा. शुगरची गोळी चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

कुणाकडं जायचं? सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत दाखवता येईल. जायचा धीर होत नसेल तर १४४१६ लावा, टेलि-मानस, सरकारी आणि फुकट, मराठीत बोलता येतं. मी पहिला फोन गच्चीवरून केला होता.

हुरडा_सीझन: आणि पाकिटं मोजायचं काम दुसऱ्या कुणाकडं तरी द्या. हे कुलूप नव्हे, टॉवेलराव.

धागाकर्ती (नऊ दिवसांनी): सगळ्यांचे आभार. १४४१६ ला बोलले. पलीकडची बाई घाई करत नव्हती, एवढंच आठवतंय, बाकी मी रडतच होते. मंगळवारी ओपीडीला जायचंय, नवरा सोबत येतो म्हणालाय. दुपारी बाराला जेवायला बसते आता. या नऊ दिवसांत दोनदा झालं, दोन्ही वेळा सकाळी नाश्ता केला.

आधी मावशीला एकटीला सांगितलं. मला वाटलं ती धीर देईल. ती म्हणाली, "मला सांगून काय करू? पिशवी त्यांनी बघितली. त्यांच्यासमोर सांगा." आणि दोन दिवस आलीच नाही. मग सासूबाईंना सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, किती पाकिटं? मी आकडा सांगितला. त्यांनी वहीत लिहिला. संध्याकाळी स्वतः मावशीच्या घरी जाऊन आल्या. तिथं काय बोलणं झालं, दोघीही सांगत नाहीत. रात्रीची मोजणी आता त्याच करतात.

गुरुवारपासून मावशी येतेय. पिशवी मात्र आत आणत नाही, बाहेर चपलांपाशी ठेवते.