‘वांशिक’ म्हटलं की दोष रक्तावर जातो का?

पानफूल: अमेरिकेतल्या मातामृत्यूंवरचा मजकूर मराठीत करतेय. 2023 मध्ये दर 1,00,000 जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू 50.3, गोऱ्यांचे 14.5. याला ‘वांशिक तफावत’ लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी समासात विचारलं, ‘म्हणजे आनुवंशिक का?’ मजकूर नेमकं उलट सांगतोय. दुसरा शब्द सुचवा.

कोशवेडा: वंशाचा दिवा, निर्वंश... ‘वंश’ म्हणजे आपल्याकडे आधी कूळ. रक्त आलंच. ‘वर्णभेदजन्य विषमता’ लिहा. ‘तफावत’ अरबी, ती कशाला?

उंबरठा: रोकडवहीत तफावत निघते, विषमता नाही. अरबी म्हणून ती काढली तर ‘फरक’ आणि ‘हिशेब’ही जातील. आणि तफावत हे मोजमाप, वर्णभेद हे कारण. दोन्ही एका शब्दात कोंबू नका. कारण पुराव्यानं दाखवा.

सुईण: पुरावा भरपूर आहे. नुसती गरिबी म्हणावी, तर 2007 ते 2016 च्या नोंदींत पदवीधर कृष्णवर्णीय बाईचा धोका पदवीधर गोरीच्या पाचपट होता. बाळंतिणीचं डोकं ठणकतंय, रक्तदाब 160/110 वर टिकून आहे, तर 30 ते 60 मिनिटांत औषध जायला हवं. तक्रार खरी मानलीच नाही की ती वेळ जाते. रक्तस्रावातही तेच. नजरेचा अंदाज कमी भरतो. म्हणून भिजलेलं पॅड तोलायचं, कोरड्याचं वजन वजा करायचं, 1 ग्रॅमला 1 मिली धरायचं. तराजू सगळ्यांना सारखा मोजतो. शिवाय बाळंतपणासाठी मिळणारा मेडिकेडचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, आधार पूर्वी 60 दिवसांनी सुटायचा. एप्रिल 2022 पासून राज्यांना तो वर्षभर वाढवता येतो.

पानफूल: सुईणताई, हे फार उपयोगी. यातच आर्लीन जेरोनिमस यांची 1992 ची ‘वेदरिंग’ ही कल्पना आहे: भेदभाव सोसून शरीर वयाआधी थकतं. भूगोलात ‘विदारण’ म्हणतात.

कोशवेडा: विदारणच ठेवा. नेमका आणि रुळलेला.

उंबरठा: खडकाचं विदारण होतं, बाईची झीज होते. ‘अकाली झीज’ कुणालाही कळेल.

कोशवेडा: झीज गुडघ्यांचीही होते. संज्ञेला धार हवी.

सुईण: ‘खस्ता’ का नको? खस्ता खाल्ल्या म्हटलं की सोसणं आणि झिजणं दोन्ही येतं. आणि पानफूल, ‘मातामृत्यू’ची मुदत तपासा. तुमचे आकडे गर्भारपण संपल्यापासून 42 दिवसांपर्यंतचे आहेत. गर्भारपणाशी निगडित मृत्यूंच्या दुसऱ्या मोजणीत वर्ष धरतात. दोन्ही एका तक्त्यात नकोत.

उंबरठा: 42 दिवस म्हणजे आपला सव्वा महिना जवळपास. वर्षभराच्या बाळंतिणीला मराठीत शब्द आहे?

कोशवेडा: ‘ओली बाळंतीण’ किती दिवस म्हणतात, त्यावर आहे. आमच्याकडे सव्वा महिनाच.

सुईण: कोकणात तीन महिनेही ऐकलंय.