मणक्याच्या ऑपरेशननंतर ईएसआयच्या रेफरीने 'फिट' लिहिलं, सर्जन म्हणतात अजून ६ आठवडे. दाद कुठे मागायची?

टॉवेल_लाइन:
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातले जॉबर (माग दुरुस्त करणारे कामगार), वय ४३, ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, ९ वर्षं. ४ ऑगस्टला कमरेच्या मणक्यातली एल४-एल५ची गादी सरकल्याचं ऑपरेशन झालं. त्याच दिवसापासून आजारपणाचं फर्स्ट (पहिलं) सर्टिफिकेट आणि पुढे दर आठवड्याला इंटरमिजिएट (मधलं), असं २८ सप्टेंबरपर्यंत बिनखंड आहे. मग त्यांना मेडिकल रेफरीकडे, म्हणजे दुसरं मत देणाऱ्या ईएसआयच्या डॉक्टरांकडे, पाठवलं. तिथे २९ सप्टेंबरपासून कामाला फिट असं मत आलं आणि दवाखान्याने फायनल (आजारपण संपल्याचं) सर्टिफिकेट हातात दिलं.

सर्जनच्या चिठ्ठीवर 'अ‍ॅडव्हाइस रेस्ट ६ वीक्स' आहे. डावा पाय अजून दुखतो, चप्पल निसटते. मालक म्हणतात, पूर्ण काम जमत असेल तर या, हलकं काम नाही. रेफरीच्या मताविरुद्ध अर्ज कुठे करायचा? अपिलाचं मेडिकल बोर्ड असतं म्हणतात, ते हेच का? तोवर घरी बसले तर पैसे मिळतील का?

कामगार_प्रतिनिधी:
आधी तारखांचा हिशेब, कारण हातात दिवस थोडे आहेत.

४ ऑगस्ट ते २८ सप्टेंबर म्हणजे ५६ दिवस. पहिले २ दिवस प्रतीक्षेचे, त्यांचे पैसे नसतात. म्हणजे पैशाचे ५४ दिवस वापरले गेले. साधा आजारपण लाभ सलग दोन लाभ-कालावधी (जानेवारी-जून आणि जुलै-डिसेंबर) मिळून ९१ दिवसच मिळतो, तेव्हा उरले ३७ (या जानेवारी-जूनमध्ये त्यांनी आजारपणाचे पैसे घेतले नसतील तर, घेतले असतील तर तेही वजा करा). सर्जनचे ६ आठवडे म्हणजे ४२ दिवस. रेफरीचं मत फिरलं तरी ५ दिवस तुटतात, त्याचं पुढे सांगतो.

दुसरी तारीख १५ दिवसांची. फायनलनंतर १५ दिवसांच्या आत नवं आजारपण सुरू झालं, तर ते २ दिवस पुन्हा कापत नाहीत. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा संपायच्या आत काय ते करा.

आता मूळ प्रश्न. घरी नुसतं बसू नका. सर्टिफिकेटाशिवाय घरी काढलेल्या दिवसाचा ना लाभ मिळतो ना पगार. मागच्या तारखेचं सर्टिफिकेट डॉक्टर देत नाहीत आणि मागूही नये. शिवाय सर्टिफिकेट चालू असताना मालकाला कामावरून काढता येत नाही. फायनल मिळालं की हे संरक्षण गेलं आणि पुढची गैरहजेरी 'बिनपरवानगी' ठरू शकते. बहुतेकांचं इथेच फसतं. डॉक्टरांशी वाद चालू राहतो आणि तिकडे नोकरी जाते.

रेफरीचं मत म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे. त्या दिवशी त्यांच्यासमोर जे कागद होते त्यावरून दिलेलं ते दुसरं वैद्यकीय मत आहे. विमा वैद्यकीय अधिकारी (विमा दवाखान्यातले, सर्टिफिकेट देणारे डॉक्टर) सहसा त्याच्या पुढे जात नाहीत, आणि तेच कागद पुन्हा नेले तर तेच उत्तर येणार. नवी तपासणी, नव्या नोंदी नेल्या तर त्यांना पुन्हा तपासायला आणि पुन्हा रेफर करायला आधार मिळतो.

कायद्यात आजारपणाची व्याख्या दोन पायांवर उभी आहे: उपचार आणि देखरेख लागते, आणि वैद्यकीय कारणाने कामापासून दूर राहावं लागतं. दोन्ही सिद्ध करावी लागतात. 'दुखतंय' एवढ्याने दोन्हीपैकी एकही होत नाही. आणि 'काम' म्हणजे कुणाचं काम? खुर्चीत बसून हजेरी लिहिणारा माणूस ८ आठवड्यांनी फिट असू शकतो, बीम (सुताचा जड रूळ) मागावर चढवणारा नसू शकतो. रेफरीच्या समोरच्या कागदावर नुसतं 'कामगार' लिहिलं असेल, तर त्यांनी काय समजून फिट लिहिलं असेल याचा विचार करा. तुमची सगळी बाजू यावर उभी आहे.

म्हणून सर्जनकडे परत जा आणि ती चिठ्ठी बदलून घ्या. 'अ‍ॅडव्हाइस रेस्ट'ला वजन नाही. मजकूर साधारण असा हवा (आकडे नमुन्याचे आहेत, डॉक्टरांना दिसेल तेच लिहिलं जावं):

'आज दि. ३० सप्टेंबर रोजी तपासले. एल४-एल५ डिस्केक्टमी दि. ४ ऑगस्ट. डावा पाय सरळ ठेवून उचलल्यास ४५ अंशांवर पोटरीपर्यंत कळ. डाव्या पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकद ५ पैकी ४. रुग्णाचे काम: मागाखाली वाकून दुरुस्ती, भरलेला बीम दोघा-तिघांनी उचलून मागावर चढवणे, १२ तासांची पाळी उभ्याने. दि. ९ नोव्हेंबरपर्यंत ५ किलोवर वजन उचलणे व कमरेतून वाकणे मनाई. फिजिओथेरपी आठवड्यातून ३ वेळा चालू. पुढील तपासणी दि. १० नोव्हेंबर.'

यात व्याख्येचा पहिला पाय (उपचार) फिजिओथेरपीच्या ओळीत आहे आणि दुसरा (कामापासून दूर राहणं) कामाच्या वर्णनात. ऑपरेशन खाजगीत झालं असेल तर सिव्हिलच्या, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या अस्थिरोग ओपीडीतही दाखवा. विमा दवाखान्याच्या सर्टिफिकेटाऐवजी सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला पर्यायी पुरावा म्हणून मान्य करण्याची तरतूद नियमांत आहे. तो हक्काने मिळतो असं नाही, शाखा व्यवस्थापक प्रकरण बघून पुढे पाठवतात. पण फाइलीत असलेला बरा.

हे घेऊन एकाच दिवशी दोन अर्ज द्या. एक विमा वैद्यकीय अधिकाऱ्यांना, पुन्हा तपासून सर्टिफिकेट द्यावं आणि नव्या नोंदींसह पुन्हा रेफर करावं म्हणून. दुसरा ईएसआयच्या सोलापूर शाखा व्यवस्थापकांना, प्रत पुण्याच्या उपप्रादेशिक कार्यालयाला. दोन्हीकडून पोच घ्या; शिक्का, सही आणि तारीख. कलमांचे आकडे लिहित बसू नका. १९४८च्या कायद्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे आणि क्रमांक बदललेत. हकिगत आणि मागणी स्पष्ट लिहा, तेवढं पुरे.

फिजिओ_सोलापूर:
वर 'चप्पल निसटते' असं लिहिलंय, ते सर्जनना सांगितलंय का? एल४-एल५च्या गादीने बहुतेक वेळा एल५ची नस दाबली जाते. ही नस पायाचा अंगठा आणि पंजा वर उचलते. चप्पल निसटणं, चालताना पंजा जमिनीला घासणं, टाचेवर चालता न येणं ही अशक्तपणाची खूण आहे, नुसत्या दुखण्याची नाही. पेशंट 'दुखतं' सांगतो आणि ताकदीचं बोलतच नाही, म्हणून कागदावर येत नाही. पायाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याजवळ बधिरपणा असेल तर तोही लिहून घ्या.

ऑपरेशनच्या आधीचा एमआरआय रेफरीला दाखवून उपयोग नाही. ती गादी काढून झाली. कळ परत आली असेल आणि नवा एमआरआय करायचा झाला, तर तो कॉन्ट्रास्टचा लागेल का हे सर्जनना विचारा. जुनी जखम भरताना झालेला व्रण आणि पुन्हा सरकलेली गादी यांतला फरक साध्या एमआरआयमध्ये नीट कळत नाही. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आत बधिर वाटलं किंवा पंजा एकदम लुळा पडला, तर अर्ज-बिर्ज बाजूला ठेवून त्याच दिवशी इस्पितळात जा. ती इमर्जन्सी आहे.

तपासणीबद्दल एक सांगते. झोपवून पाय उचलतात तेव्हा ३० अंशांवर ओरडायचं, आणि खाटेवर पाय लांब करून बसवलं की आरामात बसायचं, हे डॉक्टरांच्या लगेच लक्षात येतं. दोन्ही वेळा नस सारखीच ताणली जाते. घाबरून थोडं जास्त दाखवणारे पुष्कळ असतात आणि त्यांचं खरं दुखणंही मग कुणी धरत नाही. जेवढं आहे तेवढंच सांगायचं. किती मिनिटं उभं राहता येतं, किती जिने चढता येतात, रात्री किती वेळा जाग येते, हे आठवडाभर वहीत लिहा आणि ती वही सोबत न्या.

टॉवेल_लाइन:
खूप आभार. चप्पल निसटण्याचं सर्जनना सांगितलं नव्हतं, उद्याच त्यांना घेऊन जातोय. एक राहिलं. दुखणं सुरू झालं ते जुलैत कारखान्यात बीम उचलताना. कमरेत उसण भरली आणि जागेवरच बसावं लागलं. दोन जण तिथे होते. मालकाने अपघात म्हणून काही लिहिलं नाही. याने फरक पडतो का?

कामगार_प्रतिनिधी:
दादा, हे पहिल्या ओळीत सांगायला हवं होतं की. याने सगळं प्रकरणच बदलतं.

कामावर झालेली इजा ठरली तर आजारपण लाभ नाही, तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ लागतो. त्याला ९१ दिवसांची मर्यादा नाही, ७८ दिवसांच्या वर्गणीची अट नाही, आणि दर रोजच्या सरासरी पगाराच्या ७० ऐवजी ९० टक्के. समजा ऑक्टोबर ते मार्चमध्ये १५६ दिवसांच्या ९०,००० रुपये पगारावर वर्गणी भरली गेली. रोजची सरासरी ५७६.९२. आजारपणाचा लाभ ४०३.८५ रुपये रोज, अपंगत्वाचा ५१९.२३. एकाच दिवसाचे दोन्ही मिळत नाहीत, आधी दिलेले वळते करून फरक देतात.

सिद्ध कसं करायचं? उसण भरली त्या दिवसाचा किंवा दुसऱ्या दिवसाचा पहिला केसपेपर शोधा, मग तो कुठल्याही डॉक्टरांचा असो. त्यावर 'वजन उचलताना' असं लिहिलं असेल तर अर्धं काम झालं. 'सहा महिन्यांपासून कंबरदुखी' लिहिलं असेल तर अवघड आहे, कारण गादी झिजलेलीच होती असं म्हटलं जाणार. त्या दिवशीची हजेरी, पाळी आणि दोघा साक्षीदारांचे सहीचे जबाब घ्या. मालकाला लेखी कळवा, अपघाताचा अहवाल, फॉर्म १२, पाठवायला सांगा आणि त्या पत्राची प्रत शाखा कार्यालयात द्या. मालकाने अहवाल दिला नाही म्हणून कामगाराचा हक्क जात नाही, शाखा कार्यालय चौकशी करू शकतं. उशीर का झाला ते खरं खरं लिहा.

मेडिकल बोर्डाबद्दल: नाही, ते हे नाही. मेडिकल बोर्ड आणि त्यावरचं अपील न्यायाधिकरण कामावरच्या इजेने आलेल्या कायमच्या अपंगत्वासाठी असतं. साध्या आजारपणात फिट-अनफिटचा वाद तिकडे गेला तर महिना-दोन महिन्यांनी अर्ज परत येतो. अपघात मान्य झाला आणि पायात कायमची कमजोरी राहिली, तर तिथे जायचं.

आजारपणाच्या लाभाचा वाद शेवटी कर्मचारी विमा न्यायालयात जातो. दाव्याचं कारण घडल्यापासून ३ वर्षांची मुदत आहे. वकील लागतोच असं नाही, नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही बाजू मांडू शकतो. पण तिथे जायच्या आधी रेफरीने नेमकं काय लिहिलंय ते हातात हवं. ईएसआय महामंडळाकडे माहिती अधिकारात १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून स्वतःच्या नावाने अर्ज करा: रेफर केल्याचं पत्र, रेफरीचा अहवाल, त्यांच्यासमोर ठेवलेले कागद. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. अहवालात कामाचं वर्णन नसेल, तर तोच तुमचा पहिला मुद्दा.

तुटणारे ५ दिवस: गादी सरकणं हे वाढीव आजारपण लाभाच्या ३४ आजारांच्या यादीत आहे. २ वर्षांची सलग नोकरी आणि मागच्या ४ वर्गणी-कालावधींत (प्रत्येकी ६ महिन्यांच्या) मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते, त्यांपैकी एका कालावधीत किमान ७८. ९१ दिवस संपल्यावर तो ८० टक्क्यांनी सुरू होतो. ९ वर्षांच्या नोकरीत हे बसायला हवं, पण ईएसआयच्या पोर्टलवर वर्गणीचे दिवस आजच बघा. आपल्याकडे काही कारखान्यांत २६ दिवस राबवून हजेरी १५ची दाखवतात, आणि ते अशा वेळी कळतं.

वेतनपत्रक:
मालकाकडच्या बाजूचं थोडं. फायनल मिळाल्यावर जॉबरनी कारखान्यात जाऊन पत्र द्यावं: 'हजर होण्यास आलो आहे. सर्जनच्या सल्ल्यानुसार ९ नोव्हेंबरपर्यंत वजन उचलणे व वाकणे मनाई आहे. त्यात बसणारे काम द्यावे, नसल्यास तसे लेखी कळवावे.' सर्जनची चिठ्ठी जोडा, पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने त्याच दिवशी पाठवा. 'हलके काम उपलब्ध नाही' असं लेखी मिळालं, तर गैरहजेरीचा ठपकाही टळतो आणि हे काम जड आहे याचा मालकाच्याच सहीचा पुरावा होतो.

मस्टरवर सही मात्र काम केलेल्या दिवशीच करा. लाभाच्या दिवसांची पडताळणी कारखान्याकडे फॉर्म १० ने येते. त्या दिवसाची हजेरी किंवा पगार दिसला की लाभ जातो आणि आधी मिळालेला वसूल होतो. बिनपगारी रजा मागायची असेल तर तारखा घालून मागा.

टॉवेल_लाइन:
जुलैचा केसपेपर सापडला. 'कारखान्यात वजन उचलताना कमरेत झटका' असं लिहिलंय, तारीख १७ जुलै. त्या दिवशीची हजेरीही आहे. मालकाचं पत्र आणि शाखेचा अर्ज दोन्ही उद्या देतो, सर्जनकडून आल्यावर.

कामगार_प्रतिनिधी:
मूळ केसपेपर कुणाच्याही हातात देऊ नका. झेरॉक्स जोडा, मूळ दाखवून परत घ्या. आणि १७ जुलै ते ४ ऑगस्ट या मधल्या दिवसांत ते कामावर होते का, तेही पाहून ठेवा. चौकशीला आलेले अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारतात.