बिशप विल्यम टेलरवर तरुण संघात काय बोलू?

सातरस्ता_सोलापूर:
जय ख्रिस्त मंडळी, रविवारी तरुण संघात बिशप विल्यम टेलरवर बोलायचंय, माहिती शोधलालो तर सगळी आफ्रिकेचीच भेटतेय, १८८४ ला अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) त्यांना आफ्रिकेचे बिशप केलं, १८९६ ला निवृत्त झाले आणि १९०२ ला कॅलिफोर्नियात वारले वगैरे. आमचं चर्च मूळ अमेरिकन मराठी मिशनचं (मराठी मुलखात काम करणारं अमेरिकन मिशन), आता सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. आमच्या पोरांना जवळचं वाटेल असं काही आहे का ओ?

रेल्वेलाईन्सकर:
आहे की! बिशप व्हायच्या आधीची वर्षं बघा. १८७० ला इथले अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी थोबर्नसाहेब यांनी बोलावलं म्हणून ते लखनौला आले, तिकडं दुभाष्या घेऊन उपदेश केला पण म्हणावं तसं जमलं नाही, मग १८७१ ला मुंबईत येऊन इंग्रजी कळणाऱ्या लोकांत काम धरलं, जास्त करून अँग्लो-इंडियन, आणि घराघरात छोट्या सभा लावल्या. त्यातूनच मंडळी, म्हणजे तिथलं मेथडिस्ट चर्च, उभी राहिली. पाळकाचा खर्च इथल्याच लोकांनी उचलायचा, अमेरिकेतून पैसा मागवायचा नाही, यावर ते ठाम होते, स्वतःचा खर्चसुद्धा पुस्तकं विकून भागवायचे. मला तर बिशपपदापेक्षा हेच मोठं वाटतं. आजही किती मंडळ्या बाहेरच्या मदतीकडं डोळे लावून बसतात, पोरांना हे सांगाच.

मंगळवारपेठ_ताई:
दादा, जॉर्ज बोवेन राहिले बघा. ते १८४८ ला मुंबईत आले ते आपल्याच मराठी मिशनमध्ये, पुढं मिशनचा पगार सोडला, गरिबीत राहिले, मराठी शिकून रस्त्यावर उपदेश करायचे. टेलर आल्यावर ते मेथडिस्टांना जाऊन मिळाले आणि १८८८ ला वारले तोवर मुंबईतच राहिले. मुंबईतलं बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. टेलर चार-पाच वर्षांत निघून गेले पण बोवेनसारखी माणसं थांबली म्हणून ते काम टिकलं असं माझं ठाम मत आहे.

सातरस्ता_सोलापूर:
ताई हे भारीच! मग एवढं जवळचं नातं असून १९७० ला वेगवेगळी चर्चं एकत्र येऊन सीएनआय झालं, तेव्हा मेथडिस्ट त्यात का नाहीत आले?

रेल्वेलाईन्सकर:
ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट आले की. टेलर-थोबर्न यांच्या अमेरिकन शाखेनं मात्र ऐनवेळी वेगळं राहायचं ठरवलं, १९८१ पासून मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वतंत्र आहेत. रविवारी यात जास्त शिरू नका, वाद सुरू होतील, वेळ बोवेनला द्या.