लिस्बन आणि सिंत्रा, आईबाबांसोबत ५ दिवस : तातडीने मदत हवी आहे

निशिगंध२१
पुढच्या शनिवारी दुपारी लिस्बनला पोचतोय, बुधवारी रात्री परत. विमान, राहायची जागा, व्हिसा झालंय, पण दिवस काही केल्या बसत नाहीत. रविवारी सिंत्रा, सोमवारी बेलें (लिस्बनचाच नदीकाठचा भाग), बाकी शहर असं ठरवलंय. सिंत्राला पेना राजवाडा, मूरांचा किल्ला, रेगालेइराची विहीर आणि काबु दा रोका हे समुद्रातलं टोक एका दिवसात होतं का? आणि शहरात २८ नंबरची ट्राम की पायी? लवकर सांगा, उरलेली तिकिटं आज रात्रीच काढायची आहेत.

अवंती_के
चारही एका दिवसात? नाही होणार. आईबाबांचं वय काय, चालणं कितपत जमतं? आणि 'उरलेली' म्हणजे कुठली काढून झालीत, ते आधी सांग.

दूरदेशी
शेंगेन व्हिसाची तारीख लवकर मिळत नाही. विमा आणि बँकेचे कागद आधी जमवून ठेवा, आमचे शेवटच्या आठवड्यात फार हाल झाले.

निशिगंध२१
@दूरदेशी, व्हिसा झालाय, वर लिहिलंय.
@अवंती, बाबा ७४, आई ७०. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय पण ती चालते. पेनाचं तिकीट रविवार सकाळी ११चं घेतलंय.

रानवाटा
सिंत्रा सोडा, नुसती गर्दी. एव्होराला जा. ओरिएंत स्टेशनवरून रेल्वेने दीड तास. रोमन देऊळ आहे, आणि हाडांचं प्रार्थनाघर आहे. भिंतीच्या भिंती माणसांच्या हाडांच्या. दारावर लिहिलंय, 'आम्ही इथली हाडं तुमच्या हाडांची वाट बघतोय'. मी तिथून अर्धा तास हललो नाही.

अवंती_के
अहो रानवाटा, तिचं तिकीट निघालंय. आणि सत्तरीच्या माणसांना हाडं कशाला दाखवायची?

रानवाटा
त्यांना काय आवडेल ते तुम्ही कसं ठरवलं? माझे वडील ८० वर्षांचे होते, त्यांना पूर्ण सहलीत तेच आवडलं.

म्हापशेकर
थांबा, मुख्य गोष्ट कोणी सांगितलीच नाही. बेलेंचा जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो! ते मंगळवारी करा. माझी आत्या १९६१ला गोवा मुक्त झाल्यावर पोर्तुगाललाच गेली, तिच्याकडे मी दोनदा राहिलोय. आमच्या एका पाहुण्याने असंच सोमवारी जाऊन बंद दार बघितलं.

निशिगंध२१
बाप रे! हे कुठेच वाचलं नव्हतं. सगळी सहल त्या मठासाठी, तिथल्या वास्को द गामाच्या कबरीसाठी आहे. बाबा इतिहासाचे शिक्षक होते, वसईला. १९८८ साली ते कोचीला गेले होते, तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला आधी पुरलं होतं ती जागा पाहिली. कठड्याला हात लावून उभे असलेला त्यांचा फोटो अजून आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. '१५२४ला इथे पुरला, १५३९ला पोर्तुगालला नेला, आता तिथली कबर बघायची', हे मी लहानपणापासून ऐकतेय.

गडवेडा
वास्को द गामाच्या कबरीला कशाला जायचं? १५०२ मध्ये त्याने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळलं. आपण वसईचा विजय साजरा करणारी माणसं. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तिथल्या घंटा आपल्या देवळांत लागल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली बघा.

निशिगंध२१
बाबा तिथे हात जोडायला जात नाहीयेत. ते जहाज जाळल्याचं त्यांनीच मला सातवीत सांगितलं, आणि त्या दिवशी रात्री मी जेवले नव्हते. ज्याच्याबद्दल ३५ वर्षं शिकवलं त्याचा शेवट त्यांना बघायचाय, बस. नारोशंकराची घंटा त्यांनी पाहिलीय.

म्हापशेकर
नेच त्यांना. मठाच्या चर्चमध्ये आत शिरल्यावर दाराजवळच एका बाजूला त्याची कबर, समोरच्या बाजूला कवी कामोंइशची. मी गेलो तेव्हा चर्चला तिकीट नव्हतं, ते आतल्या चौकाला लागायचं. प्रार्थनेच्या वेळा टाळून जा. मठाशेजारी नाताचं, म्हणजे कस्टर्ड भरलेल्या छोट्या टार्टचं, खूप जुनं दुकान आहे, १८३७ पासूनचं. गरम नाता, वर दालचिनी!

अवंती_के
नातात अंड्याचा बलक असतो, हे सांगून ठेवते. काल्दु व्हेर्द सूप हिरवं दिसतं, पण त्यात सॉसेज असतं. आई अंडं खातात का?

निशिगंध२१
नाही खात. सांगितलंत ते बरं झालं. आम्ही राहणार अल्फामात, टेकडीवरच्या जुन्या वस्तीत, चौथ्या मजल्यावर. जिना किती मोठा असेल?

अवंती_के
अगं, हे आधी सांगायचं! अल्फामात गल्लोगल्ली पायऱ्या, कित्येक ठिकाणी गाडी दारापर्यंत येत नाही, आणि जुन्या घरांना लिफ्ट नसते. मालकाला आजच विचार, लिफ्ट नसेल तर जागा बदल. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला रोज चार मजले चढउतार?

पेनाचंही ऐक. तिकिटावरची वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नाही. मध्ये अर्ध्या तासाचा चढ. फाटकातून वर छोटी बस जाते, तिचं तिकीट वेगळं, ते घेच. लिस्बनच्या रोसियू स्टेशनहून ८च्या सुमाराची रेल्वे, ४० मिनिटं, पुढे ४३४ नंबरची बस. मूरांचा किल्ला, विहीर, काबु दा रोका विसर. विहिरीत तर गोल जिनाच उतरायचा. दुपारी गावातला जुना राजवाडा बघा, दोन शंकूसारख्या पांढऱ्या चिमण्यांचा. तो बसथांब्याजवळ आहे.

रानवाटा
२८ची ट्राम घ्याच, त्याशिवाय लिस्बन नाही.

म्हापशेकर
रानवाटा, त्या ट्राममध्ये आईला बसायला जागा मिळणार नाही, आणि खिसेकापू असतात. सोमवारी ७३७ नंबरच्या बसने सां जॉर्ज किल्ल्यावर जा, ती प्रासा दा फिगेइरा चौकातून सुटते. किंवा काइश दु सोद्रे स्टेशनहून रेल्वेने कश्काइश गावाला, समुद्राकाठी सपाट रस्ता, गुडघ्याला त्रास नाही.

निशिगंध२१
मालकाचं उत्तर आलं. लिफ्ट नाही, ६८ पायऱ्या. ते बुकिंग रद्द केलं, थोडे पैसे गेले. आता खाली बाइशात, शहराच्या सपाट भागात, लिफ्ट असलेली जागा बघतेय. रविवार सिंत्रा, सोमवार कश्काइश, मंगळवारी सकाळी उघडताच मठ. बाबांना आत्ताच फोनवर सांगितलं. ते म्हणाले, कोचीचा फोटो बरोबर घेऊ, दोन्ही जागा शेजारी ठेवून बघता येतील. कोणाला मंगळवारी मठ किती वाजता उघडतो ते नक्की माहीत आहे का?