‘अरेस्टेड फॉर’ आणि अटकेची बातमी

इंग्रजी बातमीतलं ‘ही वॉज अरेस्टेड फॉर स्टीलिंग अ कार’ (गाडी चोरल्याबद्दल त्याला अटक झाली) हे वाक्य चूक आहे का, असा एक प्रश्न आहे. व्याकरणात काहीच चूक नाही. ‘फॉर’नंतर ‘स्टील’ नव्हे, ‘स्टीलिंग’ हेही बरोबरच. अडचण अर्थाची आहे: त्याने गाडी चोरलीच, असं ते वाक्य गृहीत धरतं. म्हणून असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेची शैलीपुस्तिका ‘अरेस्टेड फॉर’ टाळायला सांगते. आरोप ठेवला असेल तर ‘ऑन अ चार्ज ऑफ’, नुसता संशय असेल तर ‘ऑन सस्पिशन ऑफ’. आपण मराठीत ‘चोरीच्या आरोपाखाली’ आणि ‘चोरीच्या संशयावरून’ असा फरक करतोच की!

मला जास्त खटकतं ते ‘ही वॉज अलेजेडली (कथितरीत्या) अरेस्टेड’. अहो, अटक तर झालीच आहे, कथित आहे ती चोरी! क्रियाविशेषण चुकीच्या क्रियापदाला चिकटलं की संशय अटकेवरच जातो. ‘ही अलेजेडली स्टोल अ कार’ असं हवं.

आणि ‘पोलीस’ हा शब्द इंग्रजीत अनेकवचनी चालतो, त्यामुळे ‘पोलीस हॅव अरेस्टेड’, ‘हॅज’ नाही. निर्दोष सुटू शकणाऱ्या माणसाबद्दल लिहिताना एवढी काळजी घ्यायलाच हवी.