साधं बीएड झालंय, विशेष शिक्षक व्हायचंय. पुढं नेमकं काय करू? (तासगाव, जि. सांगली)

हळदीगावची
बीए मराठी, त्यावर साधं बीएड. विशेष मुलांना शिकवायचं किंवा शाळेत मुलांच्या कल्याणाचं काम करायचं, असं दोन्ही डोक्यात आहे. एक क्लासवाले सहा महिन्यांचं 'स्पेशल एज्युकेटर' सर्टिफिकेट देतो म्हणतात. ते चालतं का? परत दोन वर्षं शिकावंच लागेल का? आणि एमएसडब्ल्यूचा, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा, शाळेत उपयोग किती?

कृष्णाकाठ
ताई, त्या सर्टिफिकेटला एक रुपया देऊ नका. विशेष शिक्षकाला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. १९९२ च्या कायद्याचं कलम १३ सांगतं की केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत, म्हणजे सीआरआरमध्ये, नाव नसेल तर हे काम करता येत नाही. केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपयांना आता कोण भितो म्हणा, पण सीआरआर नंबर नसला की कागद तपासणीतच अर्ज बाजूला पडतो. क्लासवाल्यांना एवढंच विचारा: यावर सीआरआर नंबर मिळतो का? उत्तर गोलगोल आलं की उठायचं.

तुमच्यापुढं दोन वाटा आहेत. एक, डीएड विशेष शिक्षण: दोन वर्षं, बारावीला ५० टक्के. नुसत्या डीएडवर प्राथमिकच मिळतं, पण माध्यमिकसाठी आरसीआयच्या पात्रता यादीत 'साधं बीएड अधिक विशेष शिक्षणाची दोन वर्षांची पदविका' बसते. दोन, बीएड विशेष: हेही दोन वर्षं. प्रवेश राज्याच्या बीएड सीईटीतून, साध्या आणि विशेष बीएडची सीईटी एकच. पदवीला ५० टक्के, राखीवला ४५.

वेळ सारखाच जातो, म्हणून मी बीएड विशेष सांगेन. जाहिरातीत बहुतेकदा तेवढंच छापतात आणि पदविकेवाल्याला प्रत्येक टेबलावर नियमाची प्रत दाखवत बसावं लागतं.

प्रवेशाआधी एक तपासणी सोडू नका. आरसीआयची मान्यता ठरावीक वर्षांपुरती आणि एकेका प्रवर्गाला, म्हणजे अपंगत्वाच्या प्रकाराला, असते. कॉलेजच्या भिंतीवरचं जुनं पत्र पाहून फी भरू नका. आरसीआयच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजचं नाव, तोच प्रवर्ग आणि तुमचं प्रवेश वर्ष तिन्ही एका ओळीत दिसलं पाहिजे. आरसीआय आता चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाकडे वळतेय, त्यामुळं गेल्या वर्षीची ऐकीव माहिती यंदा धरू नका.

माणदेशी_माणूस
वरच्यात भर. कॉलेजच्या आधी प्रवर्ग ठरवा. पदवीवर एकच छापला जातो: श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता वगैरे. जागा निघते तीही प्रवर्ग लिहून. नंतर बदलायचा म्हणजे पुन्हा पदविका.

श्रवणदोष घेतलं तर रोजची सुरुवात मुलाला नीट ऐकू येतंय का हे तपासायच्या 'लिंग' (Ling) सहा ध्वनींनी: आ, ऊ, ई, श, स, म. तोंड कागदानं झाकून किंवा मागं उभं राहून म्हणायचं, नाहीतर पोरगं ओठ वाचून उत्तर देतं आणि आपण खूश. नेहमी प्रतिसाद देणारं मूल आज 'स' आणि 'श' ला हात वर करत नसेल तर आधी श्रवणयंत्र बघा: सेल, मग कानातल्या साच्यातला मळ, मग नळीतलं पाणी. पावसाळ्यात नळीत थेंब धरतात. सिलिका जेलची डबी नसेल तर निम्मा जुलै असाच जातो.

बौद्धिक अक्षमता घेतलं तर सगळं काम एफएसीपी (मूल काय काय करू शकतं याची तपासणीसूची) आणि आयईपी (एकेका मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा) यांभोवती. इथं विद्यार्थी-शिक्षक हमखास चुकतात. 'बुटाची नाडी बांधतो' या ओळीपुढं सरळ 'नाही' लिहितात. आपल्याकडची कितीतरी मुलं चपलाच घालतात, नाडी हातात आलेलीच नसते. तिथं 'एनई', म्हणजे अनुभव नाही, असं लिहायचं. तोंडी सांगावं लागलं तर 'व्हीपी', हात धरावा लागला तर 'पीपी'. हा फरक मुरला नाही तर तीन महिन्यांनी प्रगती झाली की नाही हे सांगताच येत नाही.

आयईपीतलं उद्दिष्टही असंच. 'पैशांचा व्यवहार शिकेल' हे उद्दिष्ट नव्हे. '१, २, ५ आणि १० ची नाणी समोर ठेवल्यावर सांगितलेलं नाणं, खूण न करता, ५ पैकी ४ वेळा उचलतो, मुदत ३ महिने' असं लिहिलं तरच पाठ पास होतो.

इंटर्नशिप तीन ठिकाणी असते: आपल्या प्रवर्गाची विशेष शाळा, दुसऱ्या प्रवर्गाची विशेष शाळा आणि समावेशक म्हणजे साधी शाळा. तिन्ही कॉलेजनं ठरवलेल्या असतात की तुम्हालाच हुडकायला सांगतात, हे प्रवेशावेळी विचारा. शाळा सांगली-मिरजेत आणि राहणं गावात असलं तर एसटीचं वेळापत्रक बघूनच हो म्हणा.

कऱ्हाडकर_सर
पदवी झाली की नोकरी लागली, असं समजू नका. पहिली ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आहेच: पेपर एक पहिली ते पाचवी, पेपर दोन सहावी ते आठवी, १५० पैकी ६० टक्के, मागासवर्ग आणि दिव्यांगांना ५५. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) २०१० च्या अधिसूचनेप्रमाणं प्राथमिकला विशेष पात्रतेवर लागलेल्यानं नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा प्राथमिक शिक्षणाचा कार्यक्रमही करायचा असतो. सहा महिन्यांचा खरा कोर्स म्हणाल तर तो हा, क्लासवाल्यांचा नव्हे.

दिव्यांगांच्या विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, साध्या शाळा शिक्षण विभागाकडे. दोन्हींच्या जाहिराती वेगळ्या निघतात, दोन्हीकडं डोळा ठेवा.

सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या निकालानंतर प्राथमिकला १० आणि वरच्या वर्गांना १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागं एक विशेष शिक्षक, असं प्रमाण ठरलं. राज्यानं २०२४ मध्ये केंद्रशाळा पातळीवर ४,८६० पदं मंजूर केली, पण त्यात समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले आधीचे कंत्राटी विशेष शिक्षक सामावून घ्यायचे होते. आकडा बघून हुरळू नका.

वसना_काठ
एमएसडब्ल्यूचं उत्तर राहिलं. तीही दोन वर्षंच, पण काम वेगळं. सीबीएसईच्या संलग्नता नियमात समुपदेशकासाठी आधी मानसशास्त्राची पदवी किंवा पदव्युत्तर, बालविकासातली पदव्युत्तर, नाहीतर पदवीसोबत करिअर मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका मागितली होती. एमएसडब्ल्यू त्या यादीत नव्हती; आताची यादी तपासून घ्या. ती न बघता 'एमएसडब्ल्यू केली की शाळेत काउन्सेलर' हा हिशेब कच्चा आहे. तिचा खरा उपयोग बालसंरक्षण कक्ष, बालगृहं, १०९८ ही मुलांची मदतवाहिनी, शाळाबाह्य मुलांचं काम इथं. आपल्या सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत गळीत हंगामात ऊसतोडीच्या फडावरची मुलं हेच मोठं क्षेत्र आहे. क्षेत्रकार्य साधारण आठवड्यातून दोन दिवस असतं आणि अहवाल त्याच आठवड्यात लिहावा लागतो. महिनाअखेरीस रचलेला अहवाल पर्यवेक्षकाला लगेच कळतो.

दोन्ही वाटांना लागू: पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम १९ प्रमाणं मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. 'आधी मुख्याध्यापकांना विचारतो' यात वेळ घालवायची सोय कायद्यात नाही.

हळदीगावची
सगळ्यांचे आभार. बौद्धिक अक्षमता, बीएड विशेष, असं ठरवतेय. सीआरआरच्या अर्जात काय अडतं?

कृष्णाकाठ
नाव. दहावीच्या दाखल्यावर माहेरचं, पदवीवर सासरचं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि विवाह प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवा, निकालानंतर धावपळ नको. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका लागतात, नुसती शेवटची नाही. नंबर मिळाल्यावर पाच वर्षांत सीआरईचे, म्हणजे आरसीआयमान्य कार्यशाळांमधून मिळणारे, १०० गुण जमवून नूतनीकरण करायचं असतं, तेव्हा पहिल्या कार्यशाळेपासून प्रमाणपत्रं एका फाइलीत लावा. आणि ती फाइल माळ्यावर ठेवा. २०१९ च्या पुरात कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या किती जणांच्या गुणपत्रिकांचा लगदा झाला, हे सांगलीकराला सांगायला नको.